उजव्या हाताची तीन बोटं

मी काही लिहिणारी बाई नाही. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात बावीस वर्षं चेकर होते, म्हणजे तयार टॉवेलमधला दोष शोधून बाजूला काढायचं काम. आमच्या श्रुती मॅडम, माझ्या हाताच्या फिजिओ, मागेच लागल्या. म्हणाल्या, "सुनंदाताई, तुमच्यासारखे पेशंट येतात, घाबरलेले असतात. त्यांच्यासाठी लिहा." मी म्हटलं, माझं वाचून त्यांना धीर येईलच याची खात्री नाही. त्या म्हणाल्या, खरं तेवढं लिहा. तर हात कसा गेला, कसा आला आणि मधल्या काळात मी काय करून बसले, ते सांगते.

त्या सकाळी

आमचं काम डोळ्यांचं आहे असं लोकांना वाटतं. डोळे लागतातच, पण खरं काम हाताचं. टॉवेल टेबलावर पसरायचा, त्यावरून तळहात सरळ फिरवायचा, आणि कुठे लूप, म्हणजे धाग्याचा फासा, ओढला गेलाय, कुठे धागा सुटलाय, ते बोटांना आधी कळतं. डोळ्यांना नंतर. नव्या पोरींना मी डोळे मिटून दाखवायची. कारखान्यात सगळे म्हणायचे, सुनंदाबाईच्या हाताखालून काही सुटत नाही. मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी कामाची पाळी सुरू होऊन तासभर झाला असेल. टॉवेलवरून हात फिरवला तर तो कागदासारखा लागला. दुसरा घेतला, तोही तसाच. मला वाटलं, माल खराब आलाय, आणि मी वरच्या खात्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तोवर शेजारच्या टेबलावरची शबाना आली आणि माझ्या पास झालेल्या गठ्ठ्यातून एक टॉवेल उचलून म्हणाली, "दीदी, ये क्या छोड दिया?" कडेला केवढा तरी मोठा लूप लोंबत होता. मी बोट लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. मग हनुवटीला हात लावून बघितला, तर हनुवटीला बोटं लागली, बोटांना हनुवटी लागली नाही.

हात हलत होता. मूठ वळत होती. नुसती जाण गेली होती.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून माझ्या हातात काहीतरी ठेवलं आणि विचारलं, काय आहे? मी म्हटलं, ठेवा तरी आधी. डोळे उघडले तर मुठीत किल्ली होती. मग फोटो काढले. मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली होती, नेमकी स्पर्शाची खबर जिथून जाते तिथली. ताकदीच्या जागेला धक्का नव्हता. "नशीब म्हणा," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी बीपीच्या गोळीचं विचारलं, आणि नवऱ्यासमोर मला कबूल करावं लागलं की दोन महिन्यांपूर्वी मीच ती बंद केली होती. बरं वाटत होतं, म्हणून. आमचे हे उठून खाली गेले. बराच वेळ वर आले नाहीत, तेव्हा कळलं किती लागलंय ते.

हात तर हलतोय की

सहा दिवस ॲडमिट होते. पहाटे पाचला बीपी, सहाला चहा, सातला झाडूवाली, आणि मग दिवसभर कुणी ना कुणी येऊन हातात काहीतरी ठेवून विचारणार, काय आहे? शेजारच्या खाटेवर अक्कलकोटकडची एक म्हातारी होती, निम्मं कन्नड निम्मं मराठी बोलायची. मला ब्लाउजचे हूक लावता येत नव्हते. नर्सला हाक मारायची लाज वाटायची. त्या म्हातारीने हे कधी बघितलं कोण जाणे, रोज सकाळी उठून माझे हूक लावायची आणि न बोलता परत जाऊन पडायची. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

घरी आले आणि खरा जाच सुरू झाला. भेटायला येणारा प्रत्येक माणूस माझा हात बघायचा आणि म्हणायचा, "हात तर हलतोय की. देव पावला." मी कुणाकुणाला काय सांगणार? स्टीलचा पेला हातात आहे की सुटला, हे मला फरशीवर आवाज झाल्यावर कळायचं. म्हणून मी इतका घट्ट धरायची की कागदी कप चिरडून चहा अंगावर यायचा. भाकरी उलटताना दोन बोटं तव्याला चिकटली, ती मला वासावरून कळली. त्यानंतर ह्यांनी मला चुलीजवळ, म्हणजे गॅसजवळ, उभं राहू दिलं नाही.

मुलगी पल्लवी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. सकाळचा सगळा स्वयंपाक तिच्या गळ्यात पडला. एक दिवस परीक्षेला जायच्या गडबडीत तिच्या भाकरीच्या कडा फुटल्या, मी नको ते बोलले, तशी ती फटकन म्हणाली, "मम्मी, हात हलतो ना तुझा? मग निदान स्वतःची वेणी तरी घाल." लगेच रडली. मी नाही रडले. आतल्या खोलीत जाऊन वेणी घालायला बसले, आणि तीन पेडांतला कुठला हातात आहे तेच कळेना. केस तसेच बांधून बसले.

आईला सांगायचं नाही

माझं माहेर जेऊरचं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आई भाऊ-वहिनीजवळ राहायची. मी हॉस्पिटलात असतानाच भावाने आणि ह्यांनी ठरवून टाकलं की आईला काही सांगायचं नाही. म्हातारं माणूस, उगाच जिवाला घोर. आपल्यात हे असंच चालतं. लेकीला चक्कर आली, अशक्तपणा आहे, एवढंच तिला कळवलं. मीही हो म्हटलं. फोनवर आवाज चढा ठेवायचा आणि टॉवेलच्या गप्पा मारायच्या, हे मला जमायला लागलं.

दीड महिन्यानंतर मी तिला भेटायला गेले. गाडीने केम स्टेशन सोडलं तसं ह्यांनी मला पुन्हा बजावलं, तोंड उघडू नको. मी म्हटलं, मला काय कळत नाही का?

दुपारी भाऊ-वहिनी शेतात होते, हे पारावर गप्पा मारायला गेलेले. आईने दार लोटून घेतलं. माझ्याजवळ बसली आणि पदर बाजूला करून म्हणाली, "सुनंदे, हितं काखंपाशी जरा हात लावून बघ. कायतरी लागतंय. हरभऱ्याएवढं. का मलाच वाटतंय?"

मी म्हटलं, "वहिनीला दाखवलंस का?"

"तिला काय कळतंय? आन डॉक्टर बाप्या हाय, त्याला कुटं दाखवू? तुझ्या हाताला लई बारीक कळतंय. तू बघ, तू न्हाय म्हनलीस की झालं."

माझा डावा हात चांगला होता. धडधाकट होता. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण त्या दुपारपासून आजपर्यंत माझ्या डोक्यात हेच आहे. डावा हात पुढे केला असता तर आई म्हणाली असती, उजव्याला काय झालं? आणि सगळं बाहेर आलं असतं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. महिना-दीड महिना मला कुणी साधी चहाची किटली उचलू दिली नव्हती, आणि इथे माझी आई माझ्या हातावर भरवसा टाकून बसली होती. मला तो भरवसा हवा होता. मी उजवा हात पुढे केला.

बोटं फिरवली. नेहमीसारखी, हळूहळू, कडेकडेने. मला काही लागलं नाही. मला तर आईसुद्धा लागली नाही.

"काही नाही गं आई," मी म्हटलं. "हाड लागतंय तुला. वाळलीस किती."

तिने माझ्या हाताकडे बघितलं. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, "मंग बरं झालं. चहा टाकते."

परतीच्या गाडीत मी ठरवलं, उद्या वहिनीला फोन करून सांगायचं, आईला कुर्डुवाडीच्या दवाखान्यात दाखव म्हणून. उद्या केला नाही. परवा पल्लवीचा पेपर होता. नंतर मनाला समजावलं की खरंच काही असतं तर आईने पुन्हा विषय काढला असता. मी विसरले नव्हते. मी पुढे ढकलत राहिले, आणि या दोन गोष्टींत फार फरक आहे.

काही न करण्याचा उपचार

श्रुती मॅडमकडे मी त्यानंतर जायला लागले. त्या घरी तेलुगू बोलणाऱ्या, त्यांच्या आजोबांचे कापडाचे माग होते, त्यामुळे माझं काम त्यांना सांगावं लागलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे डोळे मिटवले आणि बोटाच्या टोकावर बोथट सुया टेकवल्या. कधी एक, कधी दोन. किती आहेत ते सांगायचं. मी पटापट सांगत गेले, आणि पुष्कळ उत्तरं बरोबर आली. मॅडम हसल्या. "ताई, दोन टेकवायच्या असल्या की मी जरा थांबते, त्यावरून ओळखताय. कापड बघताना असं करत होता का?" मी ओशाळले. लबाडी पकडली गेली होती, आणि खरं म्हणजे बरं वाटलं, कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणालातरी कळलं होतं की या हाताला काही कळत नाही.

मग त्यांनी एक लहानशी पेटी काढली. तिला तीन वायरी, आणि टोकाला नखाएवढ्या चकत्या. अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट यांना त्या चिकटवायच्या आणि पेटी सुरू करायची. तिन्ही बोटांवर एकाच वेळी बारीक ठोके पडत राहतात. रोज तासभर.

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"टीव्ही बघा, गप्पा मारा, डुलकी काढा. लक्षसुद्धा देऊ नका."

मला ते पटेना. व्यायाम सांगा, मी दिवसभर करते. औषध द्या, कडू असलं तरी चालेल. बसून राहायचं हा काय उपचार झाला? तेव्हा त्यांनी समजावलं. मेंदूत प्रत्येक बोटाची आपली एक जागा असते. बोटांकडून खबर येणं थांबलं की ती जागा आक्रसत जाते आणि आजूबाजूचे तिथे हातपाय पसरतात, गावाकडे बंद घराच्या अंगणात शेजारी आपल्या शेळ्या बांधतात तसे. आपण बाहेरून ठोके देत राहायचं. तुम्हाला ते जाणवोत, न जाणवोत, खबर आत थोडीफार पोचत असते. तिन्ही बोटांकडून एकदम आली की मेंदूला ती दखलपात्र वाटते, आणि शाबूत राहिलेला भाग हळूहळू ते काम शिकतो. शिकणारा तो आहे, तुम्ही नाही.

"खात्री आहे?"

"नाही," त्या म्हणाल्या. "काहींना बराच फरक पडतो, काहींना थोडा. काहींना पडतही नाही."

पहिल्याच भेटीत एवढं सरळ उत्तर देणारं माणूस मला हॉस्पिटलात भेटलं नव्हतं. मी पेटी घरी आणली.

संध्याकाळी सहा ते सात मी खुर्चीत बसायची. हे कामावरून आले की दारातूनच म्हणायचे, "लग्नाला पंचवीस वर्षं झाली, बाई पहिल्यांदा बसलेली दिसतीय." मी म्हणायची, मग बघून घ्या. पण आतून मला धास्ती असायची. पेटीचा दिवा लुकलुकायचा, आणि बोटांना काहीच नाही. सुरू आहे की बंद पडलीय ते बघायला मी चकती ओठाला लावायची. ओठाला ठोके लागायचे. मग पुन्हा बोटाला चिकटवून बसायची.

कारखान्यातून दोनदा विचारणा झाली. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या टेबलावर दुसरी बसवली. मी त्यांना दोष देत नाही.

किती आठवडे गेले ते नीट सांगता येणार नाही. एका संध्याकाळी पल्लवी समोर बसून मेथी निवडत होती आणि तिच्या मैत्रिणीच्या साखरपुड्याचं काहीतरी सांगत होती. मधेच मला वाटलं, पहिल्या बोटावर मुंगी चढलीय. मी डाव्या हाताने झटकायला गेले तर मुंगी नव्हती. चकती होती. मी पल्लवीला म्हटलं, "जरा गप बस." ती घाबरून उठली. मी तसंच बोट पुढे धरलं आणि सांगितलं, "लागतंय." तिने माझा हात कपाळाला लावून धरला. कपाळ मला लागलं नाही, पण ते मी तिला सांगितलं नाही.

नंतर कधी फरक पडायचा, कधी चार-चार दिवस काही नाही. एकदा जोंधळ्याच्या पिठात हात घातला आणि गार लागलं. एकदा खडे मीठ आणि बारीक मीठ न बघता ओळखलं. सुया एक की दोन, हे आता मला मॅडमच्या थांबण्यावरून नाही, बोटावरून कळायला लागलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तशीच राहिली, मुकी. पण ही तीन बोटं आली.

पहिली खबर

आनंदाची बातमी आईला द्यायची तर आधी आजारच सांगायला हवा होता, म्हणून तीही दिली नाही. तेवढ्यात वहिनीचा फोन आला. आईचा हात दुखतोय, सुजल्यासारखा दिसतोय, रोज तेल लावतेय, तुम्हीही येऊन जा.

मी दुसऱ्या दिवशी गेले. आईला पालथं झोपवलं, वाटीत तेल गरम करून घेतलं आणि पाठीवर हात ठेवला. उजवा. तिची कातडी लागली. पाठीचा एकेक मणका लागला. माझे डोळे भरून आले, आणि आईला कळू नये म्हणून मी जोरात तेल चोळत राहिले. पाठीवरून खांद्याला आले, खांद्यावरून काखेकडे, आणि तिथे माझी बोटं थांबली.

हरभऱ्याएवढं राहिलं नव्हतं. मी डावा हात लावून बघितला. डाव्यालाही तेच लागलं.

आई पालथीच होती. म्हणाली, "थांबलीस का गं?"

सोलापूरला आणलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीण बाईंनी रिपोर्ट बघून आईला विचारलं, "आजी, हे कधीपासून आहे?" मी तोंड उघडलं होतं. सांगणारच होते. आईने माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "आत्ताच. पंधरा दिस झालं आसतील." डॉक्टरीण बाई म्हणाल्या, पंधरा दिवसांत एवढं होत नाही, आजी. आई म्हणाली, "मला अडाणीला काय ठावं?"

ते बरंच पसरलेलं होतं.

ऑपरेशननंतर एका दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिला सगळं सांगितलं. झटका, मेलेला हात, पेटी, आणि त्या दुपारचं खोटं. म्हटलं, "आई, मला काही कळतच नव्हतं गं. मी नुसती बोटं फिरवली. मी मारलं तुला."

ती शांतपणे म्हणाली, "मला ठावं व्हतं."

"काय?"

"तुझ्या हातात जीव न्हाय ते. किती जोरात दाबत व्हतीस. दुखलं मला. तू कदी अशी हात लावत न्हायस."

मी म्हटलं, "मग गप का बसलीस? का नाही म्हणालीस, दुसरा हात लाव?"

"तुलाच कायतरी मोठं झालंय, आन तू ते दाबून ठिवलंयस, हे कळल्यावर मी कुटं माझं घिऊन बसू?" तिने डोळे मिटले. "वाटलं, तू बरी झालीस की सांगीन."

म्हणजे आम्ही दोघी एकमेकींना जपत बसलो होतो. मी तिला, ती मला. जे कुणी हे वाचत असतील त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांगा. त्यांना आधीच कळलेलं असतं.

आई पुढे चार महिने होती. त्या चार महिन्यांत मी तिचे केस विंचरले, तिला भरवलं, तिच्या सुजलेल्या हाताला पट्टी बांधली. सगळं उजव्या हाताने. कधी कधी ती म्हणायची, "आता हळू लागतोय तुझा हात." मला तेवढं पुरे व्हायचं, आणि तेवढ्यानेच रडूही यायचं.

ती गेली तेव्हा शेवटची आंघोळ वहिनीने आणि मी घातली. वहिनी पाणी ओतत होती. मी आईच्या कपाळावरून, गळ्यावरून, टाक्यांच्या वणावरून हात फिरवला. तीन बोटांना सगळं लागत होतं. कातडी, हाड, वणाची कड, आणि तिचं गार होत चाललेलं अंग. करंगळी आणि शेजारच्या बोटाला काही लागत नव्हतं. मी हात वळवला, आणि पुढची आंघोळ त्या दोन बोटांनी घातली.